हप्ता घेणारा वेगळा, धनको वेगळा: अमेरिकेतल्या घराच्या कर्जाचे कागद

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका काकांचा फोन आला, इथेच न्यू जर्सीत एडिसनला राहतात, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आणि आवाज असा की मला आधी वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. झालं होतं असं की त्यांना एका कंपनीचं पत्र आलं होतं, त्या कंपनीचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि पत्रात लिहिलेलं की तुमच्या घरावर आमचं दुसरं कर्ज आहे, व्याजासकट एवढे एवढे डॉलर थकलेत, ३० दिवसांत भरा नाहीतर फोरक्लोजर, म्हणजे घर जप्त करून लिलाव. काकांचं म्हणणं, अगं ते लोन तर २०१० सालीच मिटलं ना, मॉडिफिकेशन झालं होतं आमचं, अटी बदलून हप्ता कमी केलेला, त्यानंतर इतक्या वर्षांत एक पत्र नाही की एक फोन नाही, आता हे कोण उपटले?

मी म्हटलं काका, पत्र फाडू नका, एक डॉलरसुद्धा भरू नका आणि फोनवर काहीही कबूल करू नका, शनिवारी मी येते. हे इतक्या ठामपणे सांगता आलं कारण २००९ ते २०११ ह्या काळात आम्ही स्वतः हे सगळं भोगलंय. आमच्या बेसमेंटमधे अजून ती निळी फाईल आहे, अकॉर्डियनसारखी उघडणारी, त्यात फॅक्स गेल्याच्या पावत्या आहेत, एका शब्दासाठी नाकारलेले अर्ज आहेत, आणि एक कागद आहे ज्याबद्दल पुढे सांगते. काकांशी बोलताना लक्षात आलं की वर्षानुवर्षं हप्ते भरणाऱ्या माणसालाही आपल्या कर्जाचे कागद कसे चालतात ते माहीत नसतं, कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून आज बसून लिहितेय.

एक गोष्ट नीट समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. तुमच्याकडून दर महिन्याला हप्ता घेणारी कंपनी आणि ज्याचे पैसे तुम्ही देणं लागता तो धनको, हे बहुतेक वेळा दोन वेगळे असतात. आपल्याकडे पतपेढीचा पिग्मी एजंट असायचा बघा, रोज संध्याकाळी दुकानात येणार, पैसे घेणार, पुस्तकात लिहून सही करणार. पैसे त्याचे नव्हते, पतपेढीचे होते, तो गोळा करणारा, त्याला त्याचं कमिशन. अमेरिकेत त्या एजंटला सर्व्हिसर म्हणतात. महिन्याचं स्टेटमेंट त्याचं, वेबसाईट त्याची, कॉल सेंटर त्याचं, त्यामुळे आपल्याला वाटतं हीच आपली बँक. ती पतपेढी मात्र कुठेतरी लांब असते, तिचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं.

घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की होण्याच्या दिवशी आपण शंभरेक पानांवर सह्या करतो, त्यातले खरे महत्त्वाचे कागद दोनच. एक नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, की मी एवढे पैसे घेतले आणि एवढ्या व्याजाने फेडीन. दुसरा मॉर्गेज, म्हणजे गहाणखत, की नाही फेडले तर हे घर विकून वसूल करा (कॅलिफोर्निया, टेक्सासकडे त्याच्या जागी डीड ऑफ ट्रस्ट असतं, काम तेच). गहाणखताची नोंद काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) ऑफिसात होते, आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तसं, कुणीही जाऊन बघू शकतं. नोटची मात्र कुठेच नोंद होत नाही, ती कुठल्यातरी तिजोरीत पडून असते. आणि घराचा लिलाव मागायचा हक्क साधारणपणे त्याला, ज्याच्याकडे ही नोट कायदेशीर मार्गाने आलेली आहे.

आता २००० नंतरच्या काळात काय झालं की बँकांनी कर्जं स्वतःकडे ठेवणं जवळजवळ बंदच केलं. आज कर्ज दिलं, पुढच्या महिन्यात विकलं, घेणाऱ्याने हजारो कर्जांचं एक गाठोडं बांधून ते एका ट्रस्टमधे टाकलं, आणि त्या ट्रस्टचे तुकडे जगभरच्या गुंतवणूकदारांना विकले. दर विक्रीला नोटवर मागे सही व्हायला हवी, चेक एंडॉर्स करतात तशी, आणि गहाणखताचं हस्तांतर काउंटीत नोंदवायला हवं. एवढा कागद कोण फिरवणार, दर वेळी फी कोण भरणार, म्हणून मॉर्गेजच्या धंद्यातल्या लोकांनी १९९५ मधे मर्स नावाची कंपनी काढली, व्हर्जिनियात. म्हणजे समजा आपल्याकडच्या सगळ्या बँकांनी मिळून एक खाजगी तलाठी नेमला, सातबाऱ्यावर कायमचं त्याचंच नाव लावून ठेवलं, आणि मग आतल्या आत कर्ज पाच वेळा विकलं गेलं तरी बाहेरच्या उताऱ्यावर काही दिसत नाही, तसं. सुमारे ६ कोटी कर्जं ह्या पद्धतीत गेली. हप्ते वेळेवर येत होते तोवर कुणाला फरक पडला नाही. २००७-०८ ला लोकांचे हप्ते थकायला लागले, घर विकायला कोर्टात जायची वेळ आली, आणि जज विचारायला लागले की तुम्ही कोण, ह्या कर्जाचे मालक तुम्ही कसे, कागद दाखवा. कागद नव्हते.

मग ते बनवले गेले. हे मी रागाने लिहित नाहीये, कोर्टात सिद्ध झालेली गोष्ट आहे. जॉर्जिया राज्यात अल्फारेटा नावाच्या गावात डॉकएक्स नावाची कंपनी होती, तिचं कामच हे, बँकांना हस्तांतराचे कागद तयार करून देणं. तिथे एकाच बाईच्या नावाने वेगवेगळ्या माणसांनी सह्या केल्या, त्यामुळे त्याच नावाची सही चार कागदांवर चार वळणांची, आणि ती बाई आज एका बँकेची व्हाइस प्रेसिडेंट तर उद्या दुसऱ्या बँकेची. काही कागदांत तर घेणाऱ्याच्या नावाची जागा तात्पुरती भरायची म्हणून ‘बोगस असायनी’ असं टाइप केलेलं होतं, आणि तो कागद तसाच्या तसा काउंटीत नोंदवला गेला. बोगस हा शब्द आपण मराठीतही वापरतो म्हणून मला तो वाचून जास्तच लागला. त्या कंपनीच्या प्रमुख बाईने २०१२ मधे गुन्हा कबूल केला, २०१३ मधे तिला ५ वर्षांची शिक्षा झाली, आणि अशा कागदांची संख्या सरकारी वकिलांनी १० लाखांच्या वर सांगितली.

दुसरीकडे जीमॅक नावाच्या मोठ्या सर्व्हिसरमधे एक माणूस होता, त्याने शपथेवर सांगितलं की तो महिन्याला १०,००० च्या आसपास कागदांवर सह्या करायचा. महिन्याचे २२ दिवस, दिवसाचे ८ तास धरले तर साधारण मिनिटाला एक. आणि कसल्या कागदावर, तर प्रतिज्ञापत्रावर, ज्यात लिहिलेलं असतं की मी हे खातं स्वतः तपासलंय, आकडे मला स्वतःला माहीत आहेत. मिनिटाला एक खातं कोण तपासणार? ते वाचलेलंही नसायचं, नोटरी समोर नसायचा. ह्यालाच पुढे रोबो-सायनिंग नाव पडलं. हे कोर्टासमोर आणणारा थॉमस कॉक्स नावाचा मेन राज्यातला वकील, आयुष्याचा मोठा काळ बँकांच्या बाजूने वसुलीच्या केसेस चालवलेला, नंतर फुकट मदत करणाऱ्या संस्थेत काम करायला गेला आणि एका अगदी साध्या घराची केस त्याच्या हाती आली. त्याला त्या सहीचा वास आला कारण पूर्वी तो स्वतः ते कागद तयार करून घेत होता. सप्टेंबर २०१० मधे जीमॅकने २३ राज्यांत कारवाई थांबवली, ऑक्टोबरमधे बँक ऑफ अमेरिकाने सगळ्या ५० राज्यांतले लिलाव थांबवले.

आमच्या निळ्या फाईलमधला तो कागद ह्याच जातीचा. आमच्यावर केस दाखल झाली जून २०१०, ट्रस्टच्या नावाने. मी काउंटीत जाऊन रेकॉर्ड काढलं तर आमचं गहाणखत त्या ट्रस्टच्या नावावर झाल्याचा कागद ऑगस्ट २०१० चा. म्हणजे जूनमधे ज्याने घर मागितलं त्याच्याकडे गहाणखताचा हक्क कागदोपत्री ऑगस्टमधे आला. आणि देणारी बँक म्हणून जिचं नाव होतं ती २००८ मधेच बंद पडलेली. बंद पडलेल्या बँकेच्या वतीने दोन वर्षांनी कुणी सही केली? मी त्या खिडकीपाशी उभी राहून तारखा तीनदा वाचल्या, हात थरथरत होते, एकीकडे राग आणि एकीकडे वाटलं की आपण वेडे नाही आहोत, खरंच काहीतरी चुकतंय.

न्यू जर्सीत फोरक्लोजर कोर्टातूनच होतं, ते आमचं नशीब. टेक्सास, जॉर्जिया, कॅलिफोर्नियात बहुतेक वेळा कोर्टात न जाता नोटीस देऊन लिलाव होतो, तिथे हे तपासायला जजच नसतो, घरमालकाला स्वतः कोर्टात धाव घ्यावी लागते. २० डिसेंबर २०१० ला न्यू जर्सीचे चीफ जस्टिस स्टुअर्ट रॅबनर ह्यांनी जाहीर केलं, आणि कोर्टाने ६ मोठ्या कंपन्यांना सांगितलं की तुमची कारवाई का थांबवू नये ते सांगा, आणि पुढच्या केसेसमधे वकिलांनी कागद तपासल्याचं लिहून द्यायचं. जानेवारी २०११ मधे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च कोर्टाने इबानेझ केसमधे तर झालेले लिलावच रद्द ठरवले, कारण लिलावाच्या दिवशी गहाणखत त्या बँकांकडे असल्याचं त्यांना दाखवता आलं नाही.

पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय, कारण तेव्हा आमच्याच देवळातल्या दोन कुटुंबांचं ह्यात नुकसान झालं. कागदात खोट निघाली म्हणजे घर फुकट मिळालं असं होत नाही. कर्ज घेतलेलं असतं, ते कुणाचं तरी देणं असतंच. खोट निघाली की बऱ्याचदा केस काढून टाकतात, बँक कागद नीट करून परत दाखल करते. तुम्हाला मिळतो तो वेळ, आणि समोरचा बोलायला तयार होतो. हा वेळ लाखमोलाचा आहे पण तो मॉडिफिकेशन मिळवायला वापरायचा, घर माफ होईल म्हणून वाट बघायला नाही. त्या काळी लोक यायचे, फोरेन्सिक लोन ऑडिट, म्हणजे कर्जाच्या कागदांची कसून तपासणी करून देतो, अडीच हजार डॉलर द्या, लोन रद्द करून देतो. एका वहिनींनी दागिने मोडून पैसे दिले. ऑडिटच्या नावाखाली ४० पानांचा छापील रिपोर्ट आला, कोर्टाने त्याकडे बघितलंही नाही. आता केंद्र सरकारचा नियम आहे, २०११ पासून, की बँकेकडून लेखी ऑफर येऊन तुम्ही ती स्वीकारेपर्यंत मदत करणारी कंपनी तुमच्याकडून एक पैसाही घेऊ शकत नाही. आधी पैसे मागितले की समजा फसवणूक आहे, मग तो मराठी बोलणारा असो नाहीतर तुमच्या गावचा असो. हड ह्या सरकारी खात्याची मान्यता असलेले हाउसिंग काउन्सेलर असतात, ते हे काम फुकट करतात आणि बरेच जण खरोखर जीव लावून करतात.

आता मॉडिफिकेशन म्हणजे काय. सोप्या भाषेत, आहे त्याच कर्जाच्या अटी बदलून हप्ता परवडेल इतका खाली आणणं. रिफायनान्स नाही, नवं कर्ज नाही. २००९ मधे ओबामा सरकारने हॅम्प नावाची योजना काढली. गणित असं की घराचा महिन्याचा हप्ता, त्यात टॅक्स आणि इन्शुरन्स धरून, तुमच्या ग्रॉस (टॅक्स कापण्याआधीच्या) पगाराच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी थकबाकी मुद्दलात मिळवायची, मग व्याज कमी करत २ टक्क्यांपर्यंत आणायचं, तरी नाही जमलं तर मुदत ४० वर्षांपर्यंत ताणायची, तरीही नाही तर मुद्दलाचा एक भाग बाजूला काढून त्यावर व्याज लावायचं नाही. नवऱ्याचा जॉब फेब्रुवारी २००९ ला गेला, माझा एकटीचा ग्रॉस पगार महिना ६,२६०, त्याचे ३१ टक्के म्हणजे १,९४०. आमचा मूळ हप्ता होता २,८७०. कागदावर आम्ही अगदी बरोब्बर बसत होतो. ३ महिने ट्रायल हप्ते भरायचे, ते वेळेवर भरले की कायमचं मॉडिफिकेशन.

आमची ट्रायल ८ महिने चालली. दर दोन महिन्यांनी पत्र, पे स्टब (पगाराच्या चिठ्ठ्या) जुने झाले, परत पाठवा. मी ऑफिस सुटल्यावर स्ट्रिप मॉलमधल्या दुकानात जाऊन फॅक्स करायचे, पानाला एक डॉलर, ५५-६० पानं. एकदा सांगितलं बँक स्टेटमेंट अपूर्ण आहे. माझ्यासमोर सगळी पानं होती. तीन वेळा फोन केल्यावर चौथ्या मुलीने सांगितलं की स्टेटमेंटवर ६ पैकी ६ असं लिहिलंय आणि तुम्ही ५ च पानं पाठवलीत. सहावं पान कोरं होतं, त्यावर एवढंच छापलेलं की हे पान मुद्दाम कोरं ठेवलंय. त्या कोऱ्या पानापायी अर्ज अपूर्ण. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, कोरं पानसुद्धा पाठवा, उलटी बाजूसुद्धा पाठवा. ट्रायलच्या पाचव्या महिन्यात घरी फोरक्लोजरची नोटीस आली, एका हाताने ते ट्रायल हप्ता घेत होते आणि दुसऱ्या हाताने घर विकायची तयारी, ह्याला ड्युअल ट्रॅकिंग म्हणतात. एप्रिल २०१० मधे नाकारलं, आणि हप्त्यातला फरक, महिन्याला ९३० प्रमाणे ८ महिन्यांचे ७,४४० डॉलर, वर लेट फी, सगळं एकदम मागितलं. म्हणजे त्यांनी सांगितलेलाच हप्ता भरला म्हणून आम्ही थकबाकीदार.

असं का व्हायचं ते मला बऱ्याच नंतर कळलं. तो पिग्मी एजंट आठवा. सर्व्हिसरला कर्जाच्या शिल्लक रकमेवर वर्षाला पाव टक्क्याच्या आसपास फी मिळते. लेट फी बहुतेक त्याच्याच खिशात जाते. तुम्ही हप्ता चुकवला तरी त्याला बऱ्याचदा गुंतवणूकदारांना पदरचे पैसे द्यावे लागतात, आणि ते पैसे लिलाव झाला की सगळ्यात आधी त्याला परत मिळतात. मॉडिफिकेशन करायला माणसं नेमा, अर्ज तपासा, आणि त्याबद्दल हॅम्पमधे सरकार देणार सुरुवातीला १,००० डॉलर. त्यात आधी तोंडी सांगितलेल्या पगारावर लोकांना ट्रायलमधे घेतलं आणि कागद नंतर मागितले, ते जून २०१० पासून बदललं पण तोवर लाखो लोक अधांतरी लटकले होते. सरकार म्हणालं होतं ३० ते ४० लाख कुटुंबांना मदत होईल. २०१६ अखेर योजना बंद झाली तेव्हा त्याच्या निम्म्यापर्यंतच पोचली होती. माझं मत असं की तिथल्या फोनवरच्या मुली वाईट नव्हत्या, त्यांनाही काही दिसत नव्हतं, पण ज्याच्या पगाराचा तुमच्या घर वाचण्याशी संबंध नाही त्याच्यावर तुमचं घर वाचवायचं काम सोपवलं, चूक तिथे झाली.

आमचं शेवटी कोर्टाच्या मिडिएशनमधे सुटलं, न्यू जर्सीने २००९ पासून ती सोय केलेली आहे, एका टेबलापाशी आम्ही, काउन्सेलर, त्यांचा वकील आणि मध्यस्थ. मी निळी फाईल उघडली, प्रत्येक फॅक्सची पावती तारखेप्रमाणे लावलेली होती. मध्यस्थ बाईंनी त्यांच्या वकिलाला विचारलं, हे सगळं तुमच्याकडे पोचलंय असं दिसतंय, मग अपूर्ण काय आहे? तो फाईल चाळत राहिला. दोन बैठका झाल्या आणि २०११ च्या उन्हाळ्यात कायमचं मॉडिफिकेशन हातात आलं.

पुढे फेब्रुवारी २०१२ मधे ४९ राज्यांनी आणि केंद्राने मिळून ५ मोठ्या बँकांशी २५ अब्ज डॉलरचा समझोता केला. आकडा मोठा वाटतो, पण ज्यांची घरं गेली त्यांच्या हातात त्यातून साधारण १,४८० डॉलरचा चेक पडला. घर गेलं त्याला दीड हजार डॉलर. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी तो चेक कित्येक महिने वटवलाच नाही.

त्यातून एक चांगली गोष्ट मात्र झाली, नियम आले, १० जानेवारी २०१४ पासून सगळ्या देशाला लागू, आणि आज तुम्हाला अडचण आली तर हेच तुमच्या हातातलं हत्यार आहे. साधारणपणे हप्ता थकून १२० दिवस उलटल्याशिवाय फोरक्लोजरची पहिली पायरी टाकता येत नाही. लिलावाच्या ३७ दिवसांपेक्षा आधी पूर्ण अर्ज पोचला असेल तर ३० दिवसांत त्यावर लेखी निर्णय द्यावा लागतो, तोवर लिलाव पुढे रेटता येत नाही. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा आहे, अर्ज पूर्ण झाला असं त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. खात्यात चूक दिसली, भरलेला हप्ता लागला नाही, नको असलेला इन्शुरन्स लावला, तर फोनवर भांडून उपयोग नसतो, पत्र पाठवायचं, नोटीस ऑफ एरर म्हणतात त्याला. आणि ते हप्त्याच्या पत्त्यावर नाही, स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरात तक्रारीचा वेगळा पत्ता असतो तिथे, सर्टिफाइड मेलने. त्यांनी कामाच्या ५ दिवसांत पोच द्यायची आणि साधारण कामाच्या ३० दिवसांत उत्तर. सर्व्हिसर बदलला तर पहिले ६० दिवस तुम्ही जुन्याकडे वेळेवर हप्ता पाठवलात तरी लेट धरता येत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि सर्व्हिसर बदलतानाच सगळ्यात जास्त कागद हरवतात. चालू मॉडिफिकेशनचा करार जुन्याकडे राहिला आणि नव्याने परत मूळ हप्ता मागितला अशा केसेस मी स्वतः पाहिल्यात, त्यामुळे सही-शिक्क्याचा करार घरात हवाच.

धनको कोण हे शोधणंही अवघड नाही. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक ह्या घराची कर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, दोघांच्या वेबसाईटवर पत्ता घालून बघता येतं की कर्ज त्यांचं आहे का. मर्सचीही शोधायची सोय फुकट आहे. कर्ज विकलं गेलं की नव्या मालकाने ३० दिवसांत कळवायचं असा २००९ पासून कायदा आहे, ती पत्रं जाहिरात समजून फेकू नका.

आणि करारावर सही करायच्या आधी एक परिच्छेद शोधून वाचाच, बाजूला काढलेल्या रकमेचा, डिफर्ड बॅलन्स म्हणून असतो. त्यावर व्याज नसलं तरी घर विकताना, रिफायनान्स करताना किंवा मुदत संपली की ती एकरकमी द्यावी लागते. लोकांना वाटतं ती माफ झाली. हॅम्पमधे आणखी एक होतं, कमी केलेलं व्याज ५ वर्षांनी दरवर्षी जास्तीत जास्त १ टक्क्याने वाढत जायचं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. २०१६ मधे आमचा हप्ता वाढला तेव्हा आम्ही तयार होतो, कारण ती ओळ मी पिवळ्या पेनाने रंगवून फ्रिजवर लावली होती.

आता काकांचं. त्यांनी २००६ मधे घर घेतलं तेव्हा डाउन पेमेंटला पैसे नव्हते, म्हणून ८० टक्क्यांचं एक कर्ज आणि २० टक्क्यांचं दुसरं, तेव्हा सर्रास असंच करायचे. २०१० मधे मॉडिफिकेशन झालं ते फक्त पहिल्याचं. दुसऱ्याचे हप्ते थांबले, घराच्या किमती पडल्यामुळे त्या बँकेला लिलाव करून काही हाती लागणार नव्हतं, तिने ते बुडीत दाखवलं आणि पत्रं बंद केली. काकांना वाटलं मिटलं. पण बुडीत दाखवणं हा बँकेच्या वहीतला हिशोब आहे, बोजा घरावर तसाच राहतो. मग अशी कर्जं कवडीमोलाने विकली गेली, आता घरांच्या किमती दुप्पट झाल्यावर ती घेणारे दार ठोठावतायत. इथे ह्यांना झोंबी सेकंड मॉर्गेज म्हणतात, मेलेलं कर्ज उठून बसलं म्हणून.

शनिवारी आम्ही काकूंच्या जेवणाच्या टेबलावर सगळं पसरून बसलो. चार गोष्टी शोधायच्या होत्या, हे कर्ज ह्या कंपनीकडे कुणाकुणाकडून आलं, प्रत्येक हस्तांतराची तारीख काय, शेवटचा हप्ता कधी भरला, आणि मधल्या काळात स्टेटमेंट आली होती का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण बुडीत दाखवून स्टेटमेंट बंद केली असतील तर त्या काळाचं व्याज आणि फी बऱ्याच वेळा नंतर मागे जाऊन लावता येत नाही असा नियम आहे, आणि काकांच्या पत्रातल्या रकमेत निम्म्याहून जास्त व्याजच होतं. दावा करायची कायदेशीर मुदत संपली का हा प्रश्न प्रत्येक राज्यात वेगळा, आणि मधेच एखादा छोटा हप्ता भरला तर काही ठिकाणी मुदतीचं घड्याळ परत सुरू होऊ शकतं, म्हणून मी पहिल्याच फोनवर काहीही भरू नका म्हटलं होतं. त्याचं उत्तर वकीलच देईल, आमच्या काउंटीच्या लीगल एडमधे, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत, सोमवारची वेळ मिळाली.

काकू आतून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या, त्यात त्यांनी २००६ पासूनची घराची सगळी पत्रं ठेवलेली, रबर बँड लावून, वर्षावार. काका म्हणाले हिला मी दरवर्षी सांगायचो हा कचरा टाक म्हणून. पाचव्या गठ्ठ्यात दुसऱ्या कर्जाचं शेवटचं स्टेटमेंट सापडलं, ऑक्टोबर २०१०. त्यानंतरच्या गठ्ठ्यांमधे त्या कर्जाचा एकही कागद नव्हता. काकूंनी ते स्टेटमेंट प्लॅस्टिकच्या कव्हरमधे घातलं, आणि सोमवारी न्यायच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.